सगुणाआत्याची वहिवाट

घरात मुंबईचा विषय निघाला की माझ्या नाती मला गप्प बसवायला बघतात. त्यांना वाटतं, आजी आता राणीच्या बागेतला हत्ती काढणार. काढतेच मी. पण हत्तीच्या आधी सगुणाआत्या येते, त्याला मी तरी काय करू?

सगुणाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. तो वारला, मूलबाळ नव्हतं, तशी ती कोऱ्हाळ्याला भावाकडं परत आली. मी लग्न होऊन त्या घरात गेले ते तीस सालाच्या पुढंमागं. तेव्हा ती चाळिशीची असेल. उंच, काळीसावळी, पायाचे पंजे बाप्याएवढे. कमरेला मिश्रीची डबी आणि काखेत नवऱ्याची काळी छत्री. ती छत्री ती कधी उघडत नसे, उन्हात नाही की पावसात नाही. रस्ता ओलांडताना तेवढी आडवी धरायची. तशी धरली की ट्रामसुद्धा थांबते असं ती सांगे. थांबायची खरंच, मी पाहिलंय.

आता त्या वेळची मी कशी होते तेही सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी इंदापूरची, म्हणजे तालुक्याच्या गावची, आणि मराठी चौथी पास. कोऱ्हाळ्यात तेव्हा चौथी पास झालेली दुसरी बाई नव्हती. त्यामुळं मला असं वाटे की गावातल्या सगळ्या बायकांना देवानं माझ्या आधी नुसतं सरावासाठी बनवलंय. चुलीपुढं बसूनसुद्धा मी गुळाच्या ढेपेला गुंडाळलेला कागद वाचत असे. भाकरी करपायची. सासूबाई म्हणायच्या, "वाच, वाच. करपलेली तूच खा." मी खायची आणि वाचायची.

अशा घरात सगुणाआत्या दरसाल मुंबई दाखवायला बायका न्यायची. माघात गुऱ्हाळं उरकत, दुरुस्तीसाठी कालवा बंद होई, उसाला पाणी देत दारं धरायला रानात जायचं नसे. पाण्याची पाळी नाही म्हटल्यावर बागाईतदाराच्या घरातल्या बाईला वर्षात तेवढीच काय ती उसंत. ते आठ दिवस आत्यानं हेरून ठेवले होते. न्यायची ती बायकाच. अंगावरचं मूल असेल तर तिनं पुढल्या वर्षी यावं. मुक्काम तिच्या परळच्या जुन्या चाळीतल्या शेजारणीकडं, भाकरी-चटणी आपापली.

पारावरचे बाप्ये तिची टिंगल करत. एकदा एकानं विचारलं, "काय सगुणाक्का, मुंबईचा सातबारा तुझ्या नावावर चढला म्हणं?"

"सातबारा न्हाय चढला," आत्या म्हणाली. "पर वहिवाट माझी हाय."

तिचं बोलणं तसंच असे. मुंबईतल्या कुठल्याही गोष्टीला ती 'आपलं' म्हणायची. हा आपला समुद्र. हे आपलं बोरीबंदर. ह्यो आपला वाघ, जरा म्हातारा झालाय.

माझे सासरे, ज्यांना सारा गाव आबा म्हणे, त्यांनी तिला एकच अट घातली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते ओट्यावरून तीच ऐकवत. "सगुणे, जितक्या नेशील तितक्या परत पायजेत. एक जरी हरवली, तर पुन्हा गावातल्या कुणाच्या बाईनं मुंबईचं नाव काढायचं न्हाय." आत्या म्हणायची, "व्हय दादा." आणि आत येऊन मिश्री लावत बसायची. आबांचा शब्द गावात पाण्याच्या पाळीइतका पक्का होता. म्हणजे जी बाई हरवेल ती एकटी हरवणार नव्हती. पुढल्या साऱ्या वर्षांच्या साऱ्या बायका तिच्याबरोबर घरी बसणार होत्या.

लग्नानंतरच्या दुसऱ्या माघात माझा नंबर लागला. आम्ही अकराजणी होतो. गावापासून निरा स्टेशन जवळ, पण आत्या बैलगाडीनं बारामतीलाच न्यायची. मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "आत्या, निरेहून लवकर पोचू की."

"व्हय. पर बारामतीची गाडी हळू जाती. बाईला आधी हलायची सवय व्हावी लागती, मंग पळायची."

ती छोटी गाडी दौंडपर्यंत इतकी हळू जायची की पारूकाकू मध्येच म्हणाली, "उतरून शेंगा उपटून परत बसता येईल." पारूकाकू आमच्या शेजारची, पन्नाशीची, आयुष्यात जेजुरीपलीकडं न गेलेली. दौंडला मोठ्या गाडीत बसलो तेव्हा तिनं दोन्ही हातांनी बाक धरला, पण ओरडली नाही. आत्याचं बरोबर होतं. मी मात्र खिडकीतून स्टेशनांच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवत होते. कुणी विचारलं नव्हतं.

मुंबईत पहिल्या दिवशी आत्यानं आम्हाला काहीच दाखवलं नाही. चाळीतल्या नळाशी ओळीनं उभं केलं आणि एकेकीला नळ सोडायला आणि बंद करायला लावला. आमच्याकडं पाणी म्हणजे पाटकऱ्याच्या मर्जीची गोष्ट. रात्री-अपरात्री पाळी यायची, ती चुकली की ऊस वाळायचा. इथं बोटभर चावी फिरवली की पाणी. पारूकाकूनं चारदा सोडलं, चारदा बंद केलं आणि म्हणाली, "बास. मुंबई बघितली. आता परत गेलं तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी चौपाटी. ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसवून आत्यानं नेलं. खिडकीजवळची जागा पाळीनं, थांबा आला की उठायचं. त्यात तिच्यापाशी हुज्जत चालत नसे. चौपाटीला उतरलो आणि समोर ते पाणी आलं. अकराजणी एका ओळीत गप्प झाल्या. पारूकाकू पुढं गेली, ओंजळभर पाणी घेऊन तोंडात घातलं आणि थुंकली. मग बराच वेळ बघत राहिली.

"सगुणे, ह्याचं पाणी कुणाच्या रानाला जातं?"

"कुणाच्याच न्हाय."

"मंग येवढं ठेवलंय कशाला?"

मी खुदकन हसले. चौथीच्या भूगोलात समुद्र झाला होता माझा. आत्या हसली नाही. तिनं छत्री वाळूत रोवली आणि म्हणाली, "बघायला."

पारूकाकू खाली बसली. बघायला ठेवलेली इतकी मोठी वस्तू तिनं जन्मात पाहिली नव्हती. आमच्याकडं जे काही होतं ते पेरायला, दळायला, विकायला किंवा वाहायला होतं. दुपार टळेपर्यंत ती तिथून उठली नाही, आणि आत्यानंही तिला उठवलं नाही. हँगिंग गार्डन त्या दिवशी राहून गेलं. आत्याला त्याचं काही नव्हतं. "ते कुठं जातंय," ती म्हणाली.

तिची एक रीत मात्र जाचक होती. मुंबईत असेपर्यंत प्रत्येकीनं रोज एका अनोळखी माणसाला एक सवाल विचारायचा. तो विचारल्याशिवाय जेवण नाही. गावात आम्ही परक्या बाप्यासमोर तोंड उघडत नसू, घरच्या बाप्यासमोरही जपूनच. त्यामुळं पहिल्या दिवशी सगळ्याजणी उपाशी राहायच्या बेतात होत्या. मग पारूकाकू पदर सावरून चौकातल्या पिवळ्या टोपीच्या पोलिसाकडं गेली. "बाबा, दिसभर उभा ऱ्हातोस, पाय दुखत न्हाईत का?" तो पोलीस फलटणकडचा निघाला. त्यानं गाड्या थांबवून तिला आपल्या आईचं दुखणं सांगितलं. मागं ट्रामची घंटा वाजत होती, पण त्याचं सांगून होईपर्यंत काकू हलली नाही. पालवा बंदरावर भागू म्हणून आमच्यातलीच एक होती, तिनं एका गोऱ्या खलाशाला विचारलं, "तुझं लगीन झालंय का?" त्याला एक अक्षर कळलं नाही. त्यानं टोपी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी पाहिली आणि परत केली. दोघंही खूश.

मी कुणालाच काही विचारलं नाही. मला वाचता येत होतं, मला विचारायची काय गरज? चौपाटीवरून आलो त्या संध्याकाळी मी आत्याला सांगितलं, "आत्ताच एका बाईला किती वाजले म्हणून विचारलं."

"आन किती वाजले हुते?"

"दहा."

उन्हं कलायला आली होती. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. भाकरी वाढली, चटणी वाढली नाही.

त्याच संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत ती मिश्री लावत बसली होती. मी कोरडी भाकरी चावत विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं इथं होता. रोज समुद्रावर जात असाल."

"बारा वरसं हुते," ती म्हणाली. "वीस माणसांची खानावळ हुती माझी. पहाटं चारला चूल, रातच्याला भांडी. आमच्या ह्यांचं दिवस झाले, गावाकडं जायचं ठरलं, तवा आदल्या दिशी एकलीच चालत गेले. त्या दिशी समुद्र बघितला. त्याच्या आधी न्हाय."

एवढं सांगून ती तोंड धुवायला उठली.

तिसऱ्या दिवशी राणीची बाग. तिथं जाताच आत्यानं दगडी हत्तीजवळची एक जागा दाखवली. घारापुरीहून आणलेला तो मोठा हत्ती. "हितं म्या बसनार. कुनी चुकलं तर हितं यायचं. म्या हुडकायला यायची न्हाय. हुडकनारा हलला की दोगंबी हरवत्यात."

मी मनात म्हटलं, चुकणार कोण? पाट्या आहेत की.

आणि तेवढ्यात मी ती बाई पाहिली. गुलाबी रेशमी साडी, डोईवर पदर उलट्या खांद्यावरून घेतलेला, आणि ती सायकलवर होती. बाई. सायकलवर. बागेच्या रस्त्यानं सरळ ताठ बसून चालली होती आणि कुणी तिला काही म्हणत नव्हतं. मी तिच्यामागं चालू लागले. आधी चालले, मग जरा पळाले, आणि पळता पळता नऊवारीचा पदर तिच्यासारखा उलट्या खांद्यावर घ्यायला बघत होते. मी दिसले कशी असेन याचा विचार आला की आजही मला घोंगडीत तोंड लपवावंसं वाटतं. ती फाटकाबाहेर गेली, मीही गेले. दोन वळणं झाली आणि ती दिसेनाशी झाली. मी उभी राहिले तेव्हा माझ्या खांद्यावर अर्धा पदर होता आणि आजूबाजूला एकही ओळखीची भिंत नव्हती.

पाट्या होत्या. पुष्कळ होत्या. इंग्रजी होत्या, गुजराती होत्या. एक मराठी सापडली, तिच्यावर लिहिलं होतं, 'येथे दाढी सुबक केली जाते.' चौथीचा तेवढाच उपयोग झाला.

मग मला एक दगडी गटार दिसलं, वाहतं. आता आम्ही कालव्याकाठची माणसं. आम्हाला लहानपणापासून एक ठाऊक असतं, रानात चुकलास तर पाटाला लाग आणि पाण्याच्या उलट चाल, मोठा कालवा लागेल, कालव्याला लागलास की घर लागेल. बागेत शिरताना बदकांचं तळं मी पाहिलं होतं. तळ्यातून पाणी बाहेर जाताना पाहिलं होतं. तेव्हा हे पाणी त्या तळ्याचंच असणार, दुसरं कुणाचं असणार? इंदापूरच्या विदुषी गटाराच्या कडेनं मोठ्या तोऱ्यात पाण्याच्या उलट निघाल्या.

अर्धा तास चालल्यावर पाणी जिथून येत होतं तिथं पोचले. तो म्हशींचा तबेला होता. पंचवीस-तीस म्हशी, आणि एक भय्या त्यांच्यावर बादल्या ओतत होता.

मला रडू फुटलं. ते स्वतःसाठी नव्हतं असं म्हणायला मला आवडेल, पण आधी स्वतःसाठीच होतं. मग आबांची अट आठवली आणि पारूकाकूची सून डोळ्यापुढं आली. ती म्हणाली होती, "पुढच्या माघात मी, काय वाट्टेल ते झालं तरी मी." माझ्या एका सायकलीपायी तिचं सगळं गेलं होतं. विचारण्यावाचून इलाज नव्हता. समोरची म्हैस चांगली होती, कास मोठी, शिंगं वळणाची. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते असं, "ही कितव्या वेताची?"

भय्यानं बादली खाली ठेवली. दोन बोटं वर करून म्हणाला, "दूसरा." मग मी विचारलं दूध किती देते. मग विचारलं पेंड कसली घालता. आणि तीन सवाल झाल्यावर चौथा आपोआप सुटला. "राणीची बाग कुठं हाय, भाऊ?" त्यानं हातानं दाखवलं. पुढं मी एका भाजीवालीला विचारलं, एका टांगेवाल्याला विचारलं, एका पारशी म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं काठीनं रस्त्याच्या टोकाचं फाटक दाखवलं.

हत्तीजवळ नऊजणी रडत होत्या. आत्या बसलेली होती. ती जागेवरून हलली नव्हती, पाणी प्यायलासुद्धा उठली नव्हती, हे मला नंतर कळलं. मी लांबून दिसले तेव्हा भागू धावत निघाली. आत्यानं तिला छत्रीनं अडवलं. "येऊ दे. तिची ती येतीय." मी पुढं येऊन उभी राहिले. वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिनं विचारलं, "कितीजणांना इचारलं?"

"चारजणांना."

"जेव," ती म्हणाली. चटणी स्वतःच्या वाटची दिली.

परतीच्या गाडीत दौंडच्या पुढं सगळ्याजणींनी एकमेकींच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली की हे गावात बोलायचं नाही. आत्यानं हात ठेवला नाही. ती खिडकीतून उसाची रानं बघत होती.

आबा ओट्यावर होते. शेजारी पारावरचे दोघंतिघं. आबांनी नेहमीसारखं विचारलं, "आल्या का समद्या?"

"आल्या," आत्या म्हणाली. "ही हरवली हुती."

पारूकाकूच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. आबांनी पारावरच्या माणसांकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंग ठरल्याप्रमानं. आता बंद."

"बंद कर. पर हरवल्यावर तिनं काय केलं ते इचार की आधी."

सून सासऱ्याशी बोलत नसे तेव्हा. दोन वर्षांत माझा आवाज त्यांच्या कानावर सरळ असा पडलाच नव्हता. त्यांनी माझ्याकडं न बघता खांबाकडं बघून विचारलं, "काय केलंस?" मी आत्याकडं पाहिलं. तिनं मान डोलावली. मी खांबालाच सांगितलं. गटार दिसलं, पाणी वाहत होतं, पाण्याच्या उलट चालत गेले.

ओट्यावरची माणसं एकदम सावरून बसली.

"बरोबर केलं पोरीनं," एक जण म्हणाला.

"दुसरं काय करनार," आबा म्हणाले. "म्या बी तसाच गेलो असतो."

"मंग तू बी हरवला असतास, दादा," आत्या म्हणाली. "पानी म्हशीच्या गोठ्यातनं येत हुतं. ही तिथनं इचारत इचारत परत आली, चार परक्या मानसांना. म्या उठलेबी न्हाय. आता तुजा शब्द हाय, बंद कर म्हन्लास तर बंद. पर तुज्यासारखीच वाट काढली म्हनून बंद केलं, आसं गावाला सांगावं लागंल."

आबा उठले आणि बैलांना वैरण टाकायला गेले. वैरण टाकून झालेली होती.

वर्षभर त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पारूकाकूची सून रोज पाणी भरायला जाताना मला विचारायची, "काय म्हंत्यात?" मी म्हणायची, "काय न्हाय म्हनत." माघ आला. कालवा बंद झाला. आणि एका पहाटे दाराशी खुळखुळ्यांचा आवाज आला म्हणून बाहेर पाहिलं, तर आबा स्वतः गाडी जुंपत होते. दरसाल एक जुंपली जायची. त्या दिवशी दोन होत्या. दुसरीत गादी घातलेली होती आणि सासूबाई डोईवरून पदर घेऊन, कुणाकडं न बघता, तिच्यात चढून बसल्या होत्या.

त्यानंतर चार-पाच वर्षं आत्या नेत राहिली. कोऱ्हाळ्याच्या बायका झाल्या, मग आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या झाल्या, लांब निरवांगीहून माझी चुलतबहीण आली. आमच्या गावात पन्नाशीच्या आतली मुंबई न पाहिलेली बाई सापडणं अवघड झालं. बाप्यांनी नाही पाहिली. त्यांना न्यायला कोणी नव्हतं.

मग तिचे गुडघे धरले. त्या वर्षी तिनं ओट्यावर येऊन सांगितलं, "अवंदा ही नेईल." 'ही' म्हणजे मी.

आबा म्हणाले, "आगं, हरवलेलीच्या हातात देतीस?"

"बाकीच्यांना म्हाईतच न्हाय हरवल्यावर काय करायचं. हिला म्हाईत हाय."

आम्ही सतराजणी होतो. बारामतीच्या स्टेशनापर्यंत ती बैलगाडीतून आली. मला वाटलं, आता ती मला काहीतरी सांगेल. हे कर, ते विसरू नको. मी ऐकायला सरसावून उभी होते, सत्तावीस प्रश्न तयार ठेवून. तिनं मला काही सांगितलं नाही. बायका मोजल्या नाहीत. गाडी सुटायला अवकाश होता, तोवर ती स्टेशनाबाहेर गुळाच्या गाड्या उभ्या होत्या तिकडं लंगडत गेली. एका अनोळखी गाडीवानाच्या ढेपेचा टवका उचलून तिनं तोंडात टाकला. त्यानं काहीतरी म्हटलं असणार, कारण ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि त्याच्या गुळाला नावं ठेवू लागली.

गाडी सुटली. मी खिडकीतून हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. पुढं तिला मी पुष्कळ वर्षं पाहिलं, आजारी पाहिलं, म्हातारी पाहिलं, पण डोळे मिटले की ती मला दिसते ती अशी, आमच्या गाडीकडं पाठ करून, गुळाचा खडा गालात धरून, त्या माणसाला त्याचा रस कुठं कच्चा राहिला ते समजावून सांगताना. आम्ही वळणावर गेलो तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.